खुणेच्या आधी

दस्तगीर मास्तर एके काळचे नावाजलेले धावपटू होते, आणि कळंब गावात त्यांना पळताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. ह्या दोन गोष्टींचा मेळ गावाला कधी बसला नाही. आमच्या हायस्कुलात ते ड्रिल मास्तर होते आणि मी मराठी शिकवायचो. हैदराबाद संस्थान मोडलं, आमचा मुलूख आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, त्या सुमाराची ही गोष्ट. मी तुळजापूरचा, नवा नवा नोकरीला लागलेला. ते माझ्याहून बरेच वडील, परंडा तालुक्यातल्या सोनारीजवळच्या एका खेड्यातले. उंच, सडसडीत, चेहरा उन्हानं रापलेला आणि चाल अशी संथ की वरातीत चालले आहेत असं वाटावं.

एकदा शाळेच्या कामासाठी आम्ही दोघं उस्मानाबादला निघालो होतो. स्टँड दिसायला लागला आणि एस्टी हलली. मी पिशवी सांभाळत पळालो, कंडक्टरच्या हातापाया पडून गाडी थांबवली. मास्तर आपले त्याच चालीनं येत होते. गाडीतली माणसं खिडकीतून ओरडू लागली, कंडक्टरनं घंटी बडवून बडवून दोरी तुटायची वेळ आणली. मास्तर चढले, टोपी सारखी केली, माझ्या शेजारी बसले.

"जोशीसाब," ते म्हणाले, "पळायचं त्ये मैदानात. एस्टीच्या मागं पळाया म्या काय कुनाची चोरी केलीय?"

पुढं मोहा गाव येईपर्यंत अख्खी गाडी त्यांच्यावर कुजबुजत होती आणि ते खिडकीबाहेर ज्वारीकडं बघत होते.

दुपारच्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत बूट काढून पायांना करडईचं तेल चोळत बसायचे. डबे उघडलेले, मध्येच हा तेलाचा वास. आमचे गणिताचे सर तोंड फिरवून बसत. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. "तुमी डोक्याला लावता, म्या पायाला. ज्याचं ज्यानं पोट भरतं त्याला तेल," असं म्हणून ते दुसऱ्या पायाकडं वळत.

त्यांची आणखी एक खोड होती, आणि तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. काहीही हातात देताना, मग तो खडू असो, चहाची कपबशी असो की सुपारीचं खांड, ते ती वस्तू घेणाऱ्याच्या तळहातावर दाबत आणि सोडत नसत. "धरलं?" असं विचारत. आपण नुसती मान हलवली तर चालायचं नाही. "धरलं म्हना." आपण "धरलं" म्हटलं की मगच त्यांची बोटं सुटायची. माझ्या थोरल्या मुलीच्या बारशाला ते घरी आले. बाळाला मांडीवर घेऊन कौतुक केलं आणि परत देताना माझ्या बायकोला तेच, "धरलं म्हना, ताई." ती लाजली, हसली. मास्तर हसले नाहीत. दोन्ही हात तसेच बाळाखाली ठेवून थांबले. शेवटी ती "धरलं" म्हणाली तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

ते संस्थानच्या पोलीस दलात शिपाई होते आणि दलाच्या रिले संघात पळायचे. रिले म्हणजे चौघांची शर्यत, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. तेव्हा कळंबात ते समजावून सांगता सांगता मास्तरांच्या तोंडाला फेस यायचा. त्यांनी पहिल्यांदा शाळेत रिले सुरू करायचं म्हटलं तेव्हा हेडमास्तरांनी चष्मा काढून विचारलं होतं, "एकाला पळता येत असताना चौघांना कशाला दमवता?"

तरी मास्तरांनी चौघं निवडलेच. दोन शेतकऱ्यांची पोरं, एक मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, हमालाचा, एक तांबोळ्याचा. बाभळीचं लाकूड घेऊन सुताराकडून काठी करून घेतली, काचेनं घासून गुळगुळीत केली. मोंढ्यामागच्या मैदानात बाजाराच्या दिवशी बैल बांधायचे. दुसऱ्या दिवशी पोरं आधी शेण उचलायची आणि मग पळायची. मीही कधीमधी बांधावर जाऊन बसायचो. मास्तर जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं एक आडवी रेघ मारायचे आणि तिच्यापाशी उभं राहून तेच तेच सांगायचे.

"ही खून. मागला गडी हितं येईस्तवर पुढल्यानं मान वळवून बघत हुबं ऱ्हायचं. मागला खुनंवर आला की सुटायचं. मग मागं बघायचं न्हाई, हात तेवढा मागं. देणारा बराबर हातात देतो. पन खुनंच्या आधी सुटलास, तर मागल्याचा जीव गेला तरी तू त्याला गावायचा न्हाईस. काठी पडंल. अन् पडंल ती त्याच्या हातातनं."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. पोरं खाली बघायची. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, की मास्तरांनी काठी पाडली होती.

ती गोष्ट मास्तरांनी मला सांगितली, तशी ती न्हाव्यालाही सांगितली होती, तहसिलीतल्या शिपायालाही आणि चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बायकांनाही. सगळ्यांना त्याच शब्दांत. हिंदुस्थानातल्या सगळ्या संस्थानांची मोठी स्पर्धा होती. संघात मास्तर तिसरे, वळणावरचे. चौथा माणिक, उदगीरकडचा, मास्तरांचा जिवाभावाचा दोस्त. एका ताटात जेवायचे, एका सतरंजीवर झोपायचे. शेवटच्या शर्यतीत मास्तर वळणावरून सगळ्यांच्या पुढं आले. समोर माणिक उभा. आणि तो खुणेच्या आधी सुटला.

"किती आधी?" मी विचारलं होतं.

"ह्यो इथनं तुमच्या फळ्याइतका. म्या वरडलो. त्याला काय ऐकू येतंय? हात मागं धरून पळतोय आपला. म्या जीव खाऊन पळालो, काठी त्याच्या बोटाला लागली, अन् पडली. लोकांनी काय बघितलं? माझ्या हातात व्हती अन् पडली."

दलाच्या साहेबानं दोघांना उभं करून विचारलं. माणिक म्हणाला, "साब, मेरे हात में आयीच नहीं." मास्तर गप्प राहिले.

"खोटं न्हाई बोलला त्यो," मास्तर सांगायचे. "हातात आलीच नव्हती. का आली न्हाई, ते कुनी इचारलं न्हाई अन् त्यानं सांगितलं न्हाई. मला वाटलं, सांगंल. आज न्हाई तर उद्या सांगंल. दोस्त हाय."

माणिकनं सांगितलं नाही. मास्तर संघातून गेले, पहाऱ्याच्या कामावर लागले. दोन वर्षांत पोलीस ॲक्शन झाली, संस्थान गेलं, नव्या सरकारचे अधिकारी दलातली माणसं निवडायला बसले. चांगल्या खेळाडूंना नव्या दलात घेतलं. माणिक गेला आणि चढत चढत मोठा अधिकारी झाला. मास्तरांच्या नावापुढं पळणारा म्हणून काही उरलंच नव्हतं. त्यांना घरी पाठवलं.

ही हकीकत कुणालाच पटत नव्हती. मास्तरांच्या आळीतली माणसं म्हणत, "मुसलमान म्हणून काढलं, दुसरं काय?" आमच्या आळीतली म्हणत, "रझाकारांत असणार, उगाच कोण काढतंय?" मास्तर दोन्हीकडं भांडत. त्यांच्याच संघातला पहिला पळणारा मुसलमान होता आणि त्याला ठेवून घेतलं होतं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. तो पुढं आपण होऊन कराचीला गेला. दुसरा तेलंगणातला, तो वारला. म्हणजे त्या वळणावर नेमकं काय झालं हे सांगू शकणारा माणूस जगात एकच उरला होता. पण लोकांना मोठं कारण हवं होतं. वीतभर लाकडावरून एखाद्याचं आयुष्य वाया जातं, हे कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. मास्तरांनी सुरुवात केली की न्हावी वस्तरा पाजळायला आत जायचा. चक्कीवरच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. खरं सांगायचं तर मीही चौथ्या-पाचव्या वेळी वह्या तपासायला घेतल्या.

त्यांना नोकरी परत नको होती. एकदा ते मला म्हणाले, "जोशीसाब, मला काय बी नको. त्यानं एकदा चार मान्सांत म्हनावं, म्या आधी सुटलो. बस."

आणि त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनाला, खेळांच्या बक्षीस समारंभाला, संस्थेच्या अध्यक्षांनी जो पाहुणा बोलावला तो म्हणजे हाच माणिकराव. अध्यक्ष राहायचे उस्मानाबादला, त्यांना ह्या जुन्या प्रकरणाची गंधवार्ता नव्हती. मोठा अधिकारी, एके काळचा खेळाडू, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

मास्तरांच्या घरी लग्नघर असल्यासारखं झालं. मास्तरांच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, त्यांची पांढरी पँट नीळ घालून धुतली. समारंभाच्या दिवशी सकाळी मास्तर मला घेऊन, माणिकराव उतरले होते त्या डाक बंगल्यावर गेले. हातात भाभींनी केलेल्या मटणाचा डबा. आपली अशा ठिकाणी काय ओळख लागणार असं मला वाटत होतं, पण माणिकराव बनियनवर व्हरांड्यात आले, "दस्तगीर! अबे ओ दस्तगीर!" असं ओरडले आणि त्यांनी मास्तरांना मिठीच मारली. खरोखर डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मोठा मोकळा माणूस. पोट सुटलेलं, हसणं गडगडाटी. आल्या आल्या डबा उघडून उभ्यानंच एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "भाभीचा हात अजून तसाच आहे रे." त्यांचा तिरस्कार करायचा ठरवून मी गेलो होतो, पण तिथं मला ते जमलं नाही.

चहा आला. मास्तर कपबशीकडं बघत म्हणाले, "माणिक, त्या दिवशी तू आधी सुटला व्हतास."

माणिकराव चटकन म्हणाले, "अरे, मला काय ठाऊक नाही व्हय? चांगला आधी सुटलो होतो. जिंकायची घाई झाली होती मला. किती तरी वेळा आठवतं."

एवढं सहज! मास्तर इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी तळमळत होते, ते ह्या माणसानं मटणाची बोटं चाटता चाटता सांगून टाकले.

"मंग आज स्टेजवरनं म्हन की," मास्तर म्हणाले.

"म्हणतो की. त्यात काय! आजच म्हणतो."

 परत येताना मोंढ्याच्या कोपऱ्यावर मास्तरांची चाल थोडी भरभर झाली होती, हे मला अजून आठवतं.

दुपारी मैदानाभोवती सगळं गाव लोटलं. मास्तरांच्या चौघा पोरांनी काठी अशी झरझर एका हातातून दुसऱ्या हातात दिली की हेडमास्तरसुद्धा टाळ्या वाजवायला उठले. मग माणिकराव भाषणाला उभे राहिले. बोलणं रसाळ होतं. संस्थानातले दिवस, खाणं, परेड, साहेबांच्या नकला. लोक हसून हसून लोळत होते. मग ते त्या शर्यतीवर आले. मास्तर पहिल्या ओळीत कडेच्या खुर्चीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. भाभी पलीकडं बायकांत उभ्या होत्या.

"तिसरा आमचा दस्तगीर," माणिकराव म्हणाले. "वाऱ्यासारखा आला. मी पुढं उभा. आणि..."

ते थांबले.  त्यांनी एकदा अध्यक्षांकडं पाहिलं, एकदा गर्दीकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हसू फुटलं.

"काठी कशी पडली ते सांगत कशाला बसू? करूनच दाखवतो! चल रे दस्तगीर!"

गर्दीनं एकच आरोळी ठोकली. मास्तर उठले. मला वाटलं ते चिडले असतील, पण ते माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "करून दावनार हाय त्यो. सगळ्यांफुडं. बोलन्यापरीस बेस." त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी फक्कीचं घमेलं मागवलं आणि स्वतः वाकून जाड, ठसठशीत रेघ मारली, लांबूनही दिसावी अशी. माणिकरावांनी कोट काढून सोबतच्या हवालदाराकडं दिला आणि जागेवर जाऊन मान वळवून उभे राहिले.

मग कळंबानं दस्तगीर मास्तरांना पळताना पाहिलं. पन्नाशीच्या अलीकडचा माणूस, पायात कॅनव्हासचे बूट. वळणावर ते आत झुकले आणि पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटलं.  शेजारचा एक शेतकरी नुसतं "आयला" एवढंच म्हणाला. मी रेघेकडं डोळे लावून बसलो होतो, म्हणून मला दिसलं. मास्तर रेघेच्या चांगले अलीकडं असताना माणिकराव सुटले. थेट त्या दिवशीसारखे. मास्तरांनी हात लांब केला, काठीचं टोक माणिकरावांच्या बोटांना लागलं आणि काठी धुळीत पडली.

आता माणिकराव वळणार आणि रेघेकडं बोट दाखवणार, असं मला वाटलं. मास्तरही काठी न उचलता तसेच, त्यांच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. पण रेघेकडं पाहिलं होतं कुणी? सगळं गाव काठीकडं बघत होतं. हास्याचा असा काही कल्लोळ उठला, की बँडवाल्यांनीही मध्येच ढोल वाजवला. "पडली! पडली!" पोरं नाचायला लागली. अध्यक्ष डोळे पुसत होते. माणिकराव कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे होते, आणि इतक्या हसणाऱ्या गावाचा विरस त्यांच्यानं करवला नाही. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला आणि ओरडून म्हणाले, "बघितलंत? इतकी वर्षं झाली, आमचा दस्तगीर अजून तसाच आहे!"

रिलेतला तांबोळ्याचा मुलगा जिवाच्या आकांतानं ओरडत होता, "पाव्हणं खुनंच्या आधी पळालं! सर, खुनंच्या आधी!" त्याचा आवाज ढोलात गेला. मी हेडमास्तरांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "अहो जोशी, गंमत चाललीय, तुम्ही काय नियम काढून बसलात?" चहाच्या वेळी मी सरळ माणिकरावांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, ते सांगायचं राहिलं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अरेच्चा! राहिलंच की हो! बोलण्याच्या भरात ध्यानातच आलं नाही." आणि मनापासून हळहळून म्हणाले, "पुढच्या खेपेला नक्की."

ते लबाड असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. लबाडाला निदान शिव्या घालता येतात. ह्या माणसाच्या लेखी ती एवढीशी गोष्ट होती, विसरण्याइतकी, आणि त्याचाच मला आजतागायत संताप येतो.

मास्तर चहाला थांबले नव्हते. भाभींच्या मागून चार पावलं अंतरावर ते घरी जाताना दिसले.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात पोरं त्यांच्या मागं "पडली, पडली" करत हिंडू लागली. मास्तरांनी कुणाला उलट शब्द दिला नाही आणि ती गोष्टही पुन्हा कुणाला सांगितली नाही. न्हाव्यानं मला मुद्दाम विचारलं, "मास्तर हल्ली गप गप असत्यात, बरं न्हाय का?" उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी दुसरा ड्रिल मास्तर आला. त्यानं रिले बंद करून लेझीम सुरू केलं.

पुढं चार-पाच वर्षांनी भूमला एका नातेवाइकांकडं गेलो होतो. परतताना बाजाराचा दिवस होता. गाडीला वेळ होता म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलात शिरलो तर आत दाटी. मध्ये मोकळ्या जागेत एक म्हातारा उसाचं कांडं हातात घेऊन उभा होता. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, दाढी पांढरी झालेली. मी ओळखेपर्यंत तो बोलायला लागला होता.

"दोस्त हुबा फुडं, हात मागं करून. आन् म्या येतोय वाऱ्यावानी! सारी दुन्या बघतीय. म्हनलं, आता देतो. देतो... आन् ह्ये बगा!"

ऊस त्यांच्या बोटांतून निसटला. तो धरायला जाताना ते इतके मजेदार धडपडले, की बाकडी हादरली हसण्यानं. "हातच भोकाचे माझे!" मास्तर दोन्ही पंजे पसरून म्हणाले. कुणी बिडी पुढं केली, कुणी चहा सांगितला.

चहाची बशी तोंडाला लावताना त्यांनी मला पाहिलं. जरा थबकले, मग उठून जवळ आले. पोरीची चौकशी केली. माझ्यानं राहवलं नाही.

"मास्तर, हे काय? खुणेच्या आधी ते सुटले होते. मी स्वतः बघितलंय. तुम्ही असं का सांगता?"

त्यांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं.

"जोशीसाब, खरं सांगत व्हतो तवर कुनी ऐकलं का? तुमी बी वह्या काढून बसायचे. ह्ये सांगतो तर दोन दोन कोसांवरनं येत्यात ऐकाया."

 तेवढ्यात बाजारात आलेले तिघं-चौघं नवे लोक आत शिरले. हॉटेलवाल्यानं गल्ल्यावरून हाक दिली, "मास्तर, ह्येंनी न्हाई बघितलं. एकदा पाडून दावा की."

"हौ, आलो," मास्तर म्हणाले. त्यांनी खाली वाकून ऊस उचलला, लुंगी पुन्हा खोचली आणि लोकांनी करून दिलेल्या वाटेत पळायच्या पवित्र्यात उभे राहिले.